डेन्व्हरला ब्रूस ब्राउन का ठेवता आला नाही

९ जून २०२३. मायामीत एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेचा चौथा सामना चालू होता. डेन्व्हर नगेट्सचा कणा असलेला निकोला योकिच शेवटच्या क्वार्टरमध्ये पाचवा फाउल होऊन बाकावर बसला. सहावा झाला असता तर तो बादच झाला असता, म्हणून त्याला बाहेर काढावंच लागलं. मायामीला सामन्यात परतायची हीच वेळ होती. ती संधी त्यांना मिळू दिली नाही ब्रूस ब्राउनने. राखीव फळीतून येऊन त्याने त्या रात्री २१ गुण केले, त्यातले ११ शेवटच्या क्वार्टरमध्ये. तीन दिवसांनी डेन्व्हरने आपलं पहिलंवहिलं विजेतेपद जिंकलं.

महिनाही उलटला नाही आणि ब्राउन इंडियाना पेसर्सकडे निघून गेला.

डेन्व्हरला तो नकोसा झाला होता का? अजिबात नाही. मालकांची ऐपत नव्हती का? नगेट्स ज्या क्रोंके कुटुंबाकडे आहे, ते अमेरिकेतल्या बड्या धनिकांपैकी आहे. तरीही डेन्व्हर त्याला पुढच्या वर्षासाठी जास्तीत जास्त ७८ लाख डॉलरच्या आसपास देऊ शकत होतं, आणि इंडियानाने दिले २ कोटी २० लाख. डेन्व्हरचा आकडा घासाघीस करून ठरलेला नव्हता. त्याहून एक डॉलरही जास्त द्यायला नियमांची परवानगी नव्हती.

ग्रामपंचायतीत किंवा सरकारी कचेरीत ज्यांनी काम केलंय, त्यांना एक वाक्य पाठ असतं : ‘पैसे आहेत, पण त्या हेडखाली नाहीत.’ रस्त्याच्या हेडखाली आलेला निधी पाण्याच्या टाकीला लावता येत नाही, मग टाकी कितीही गळत असो. एनबीएचा उन्हाळी बाजार समजावून सांगताना मला याहून जवळचं उदाहरण सापडलेलं नाही. खेळाडू किती चांगला आहे, यावर त्याचा पगार ठरतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो ज्या संघाला हवा आहे, त्या संघाकडे कोणत्या हेडखाली किती शिल्लक आहे, यावर तो तितकाच ठरतो. हे एकदा डोक्यात बसलं की जुलै महिन्यातल्या निम्म्या चक्रावून टाकणाऱ्या बातम्या सरळ वाटायला लागतात.

कॅप येते कुठून

करार संपलेला खेळाडू म्हणजे फ्री एजंट. आता तो कुठल्याही संघाशी बोलू शकतो. हे स्वातंत्र्य खेळाडूंना कोर्टात भांडून मिळालं. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. ऑस्कर रॉबर्टसन या थोर खेळाडूच्या नावाने १९७० साली खेळाडू संघटनेने लीगविरुद्ध दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि दार किलकिलं झालं. पूर्ण उघडायला १९८८ उजाडलं. त्या वर्षी टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून फीनिक्सला गेला, आणि जुन्या संघाला त्याला अडवायचा कसलाही हक्क उरला नव्हता. असा तो पहिलाच.

सॅलरी कॅप, म्हणजे पगारावरची मर्यादा, या दोन घटनांच्या मधली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लीगची आर्थिक स्थिती बिकट होती, काही संघ बुडायच्या बेतात होते. १९८३ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्यात सौदा झाला : खेळाडूंना उत्पन्नाचा ठरलेला वाटा, ५३ टक्के, मिळणार, बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा येणार. १९८४-८५ ची पहिली मर्यादा होती ३६ लाख डॉलर. २०२५-२६ ची १५ कोटी ४६ लाख डॉलर.

हा आकडा मालकांच्या मर्जीने ठरत नाही. प्रक्षेपण हक्क, तिकिटं, जाहिराती, टोप्या-जर्सी अशा बास्केटबॉलशी जोडलेल्या उत्पन्नाचा अंदाज काढतात, त्यातला साधारण निम्मा खेळाडूंचा मानतात (सध्याच्या करारात ४९ ते ५१ टक्के) आणि त्या हिशोबातून ३० संघांची मर्यादा निघते. म्हणजे कॅप हा एका मोठ्या वाटणीपत्राचा भाग आहे. लीगचं उत्पन्न वाढलं की कॅप वाढते, आणि खेळाडू संघटना कॅपला मुळातून विरोध का करत नाही, याचं उत्तरही इथेच आहे.

आपल्याकडे आयपीएलमुळे ‘पर्स’ सगळ्यांना कळते. २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. ते संपले की हात वर, पुढे बोली नाही. एनबीएची कॅप अशी नाही. दरवर्षी बहुतेक संघ कॅपच्या वरच असतात, आणि तेही कायद्याने. याला ते लोक ‘सॉफ्ट कॅप’ म्हणतात. कॅप ओलांडली की पैसे खर्च करायला बंदी येत नाही; फक्त त्यापुढचा प्रत्येक डॉलर कुठल्या तरी मंजूर हेडखालीच खर्चावा लागतो. त्या हेडना ‘एक्सेप्शन’ म्हणतात, आणि सगळी गंमत आणि सगळी रडारड त्या एक्सेप्शनमध्येच आहे.

लॅरी बर्डच्या नावाचा हक्क

सगळ्यात मोठं हेड आपल्याच खेळाडूला परत घेण्याचं. बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून त्याला ‘बर्ड राइट्स’ म्हणतात. खेळाडू फ्री एजंट म्हणून संघ न बदलता सलग तीन हंगाम खेळला असेल, तर त्याच्या संघाला कॅप ओलांडून त्याच्याशी पुन्हा करार करता येतो, अगदी त्याला लागू होणाऱ्या कमाल पगारापर्यंत. मधे त्याचा ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, झाला तर घड्याळ थांबत नाही. हक्क त्याच्याबरोबर नव्या संघाकडे जातो. शिवाय जुना संघ पाच वर्षांचा करार आणि दरवर्षी ८ टक्के वाढ देऊ शकतो, बाहेरचा संघ चारच वर्षं आणि ५ टक्के. माणसाने घर सोडू नये म्हणून घराला दिलेली ही सवलत.

पण दोनच हंगाम झाले असतील तर हक्क निम्माशिम्मा. त्याला ‘अर्ली बर्ड’ म्हणतात : मागच्या पगाराच्या पावणेदोन पट, किंवा लीगच्या सरासरी पगारापेक्षा थोडं जास्त, यातलं जे मोठं असेल ते. आणि एकच हंगाम झाला असेल तर नाव ‘नॉन-बर्ड’, मर्यादा साधारणपणे मागच्या पगाराच्या १२० टक्के.

आता ब्राउनचा हिशोब मांडू. २०२२ च्या जुलैत तो डेन्व्हरला आला, तेव्हा डेन्व्हर कॅपच्या बरंच वर होतं आणि त्यांच्याकडे एक लहानसं हेड शिल्लक होतं. त्यातून त्याला ६४ लाख ७९ हजार डॉलर मिळाले. करार दोन वर्षांचा, पण दुसऱ्या वर्षी राहायचं की नाही हे त्याच्या हातात. विजेतेपदानंतर त्याने ते वर्ष नाकारलं आणि फ्री एजंट झाला. डेन्व्हरमध्ये हंगाम एकच, म्हणून नॉन-बर्ड. ६४.७९ चे १२० टक्के म्हणजे ७७ लाख ७५ हजार. झालं. चषक उंचावणाऱ्या संघाची कमाल मर्यादा एवढीच.

कॅपखाली जागा करून त्याला घेता आलं असतं का? योकिचचा त्या वर्षीचा पगार ४ कोटी ७६ लाख. जमाल मरे आणि मायकेल पोर्टर ज्युनियर यांचे साधारण ३ कोटी ३० लाखांच्या पुढे प्रत्येकी. अ‍ॅरन गॉर्डनचे २ कोटी २० लाखांवर. या चौघांची बेरीज १३ कोटी ७० लाखांच्या घरात जाते, आणि त्या वर्षीची कॅपच १३ कोटी ६० लाख होती. चार माणसांत ताट संपलेलं. अजून अकरा जण जेवायचे होते.

इंडियानाची गोष्ट उलट. त्यांच्याकडे कॅपखाली मोकळी जागा होती. त्यातच त्या उन्हाळ्यात लागू झालेल्या मालक-खेळाडूंच्या नव्या करारात खालच्या मर्यादेचा नियम कडक झाला होता : हंगाम सुरू होण्याआधी संघाचा पगार कॅपच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर लक्झरी टॅक्सच्या (जास्त खर्च करणाऱ्या संघांकडून घेतलेल्या दंडाच्या) वाटपातून मिळणाऱ्या पैशांवर पाणी सोडावं लागतं. म्हणजे इंडियानाला कुणावर तरी पैसे खर्च करायचेच होते. ब्राउनला त्यांनी दोन वर्षांसाठी ४ कोटी ५० लाख देऊ केले, दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर ठेवलं. एकाच माणसाची एकाच रात्रीतली किंमत एका शहरात ७८ लाख, दुसऱ्यात २ कोटी २० लाख.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेच झालं. आयझाया हार्टेनस्टाइन निक्सकडे दोन हंगाम खेळला होता, म्हणजे अर्ली बर्ड. मागचा पगार ९२ लाख. पावणेदोन पट केली तर १ कोटी ६२ लाख. ओक्लाहोमा सिटीकडे मोकळी जागा होती, त्यांनी पहिल्या वर्षाचे ३ कोटी ठेवले. तो गेला, आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी त्याच्यासह विजेती ठरली. निक्सच्या चाहत्यांनी व्यवस्थापनाला दोष दिला. मला तो पटत नाही. त्यांच्या हातात १ कोटी ६२ लाखांपलीकडे काही नव्हतंच.

या घड्याळाला फसवायचा मोह किती मोठा असतो, याचं उदाहरण मिनेसोटाचं आहे. जो स्मिथ या खेळाडूशी त्यांनी आतून ठरवलं होतं की तू काही वर्षं स्वस्तात एकेक वर्षाचे करार कर, पूर्ण बर्ड राइट्स मिळाले की आम्ही तुला घसघशीत करार देऊ. ब्राउनला डेन्व्हरमध्ये जे हवं होतं, तेच चोरवाटेने. २००० साली हे उघडकीस आलं. लीगने ३५ लाख डॉलर दंड केला, स्मिथचे करार रद्द केले आणि संघाचे पहिल्या फेरीतले पाच ड्राफ्ट हक्क (नवे खेळाडू निवडायचे हक्क) काढून घेतले. त्यातले काही नंतर परत मिळाले, पण एवढी जबर शिक्षा का, हे समजून घेण्यासारखं आहे. लेखी पगारामागे तोंडी पगार चालू दिला, तर कॅप नावाचं सगळं प्रकरणच कोसळतं.

खुर्चीवरचा रुमाल

फ्री एजंट झालेल्या खेळाडूचा करार ३० जूनला संपतो. मग १ जुलैला त्याचा पगार संघाच्या खात्यातून नाहीसा होतो का? झाला असता तर प्रत्येक संघाने आधी मोकळ्या जागेत बाहेरचे तारे घेतले असते आणि शेवटी बर्ड राइट्स वापरून आपली माणसं परत आणली असती. म्हणून लीग त्या खेळाडूच्या नावाने एक रक्कम खात्यावर धरून ठेवते. याला ‘कॅप होल्ड’ म्हणतात. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तसं हे. माणूस अजून चढलेला नाही, पण जागा अडलेली आहे. जागा मोकळी हवी असेल तर रुमाल उचलायचा, म्हणजे त्या खेळाडूवरचा बर्डचा हक्क सोडायचा.

रुमालाचा आकार मागच्या पगारावर ठरतो, आणि खरी हुशारी इथे दिसते. मागचा पगार छोटा असलेल्या खेळाडूची किंमत एकदम वाढली असेल, तर त्याचा रुमाल छोटाच राहतो. फिलाडेल्फियाचा टायरीस मॅक्सी त्याचं सगळ्यात देखणं उदाहरण. २०२३ च्या उन्हाळ्यातच त्याला कराराची मोठी मुदतवाढ मिळू शकली असती. तेव्हा सही केली असती तर २०२४ च्या जुलैत त्याच्या नावावर ३ कोटी ५१ लाख लागले असते. तो थांबला. नवोदिताच्या पगारावर आणखी एक वर्ष खेळला, म्हणून त्याचा कॅप होल्ड राहिला अवघा १ कोटी ३० लाख. त्या २ कोटी २० लाखांच्या फरकामुळे फिलाडेल्फियाला पॉल जॉर्जला मोकळ्या जागेत बसवता आलं : चार वर्षं, सुमारे २१ कोटी २० लाख. त्यानंतर मॅक्सीने सही केली, पाच वर्षांसाठी २० कोटी ४० लाखांच्या आसपास, बर्ड राइट्सखाली, कॅपच्या वर.

क्रम उलटा झाला असता तर दोन्हीपैकी एकच शक्य होतं. आणि मॅक्सीने घेतलेली जोखीम लहान नव्हती. त्या वर्षात गुडघा गेला असता तर वीस कोटींचा करार कुणी दिला असता? तेवीस वर्षांच्या मुलाने संघासाठी हे केलं, त्याच हंगामात तो ऑल-स्टार झाला आणि सर्वाधिक प्रगती केलेल्या खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला, याचं मला आजही कौतुक वाटतं. सॅन अँटोनिओने २०१५ मध्ये कावाय लेनर्डच्या बाबतीत हाच डाव खेळून लमार्कस ऑल्ड्रिज मिळवला होता.

२०१६ : एका वर्षात तिसरा हिस्सा वाढला

कॅप हळूहळू वाढत असेल तर बाजार समतोल राहतो. एकदम उडी मारली तर काय होतं ते २०१६ ने दाखवलं. टीव्ही कंपन्यांबरोबरचा नऊ वर्षांचा, २,४०० कोटी डॉलरचा नवा करार लागू झाला आणि कॅप ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ दोन-तीन वर्षांत विभागून द्यावी असं लीगचं म्हणणं होतं. खेळाडू संघटनेने नकार दिला.

एरवी जुलैत मोकळी जागा मोजक्या संघांकडे असते. त्या वर्षी ती जवळजवळ सगळ्यांकडे होती. तिमोफेई मोझगोव्ह, जो आदल्या हंगामात क्लीव्हलंडच्या बाकावरच जास्त बसलेला, त्याला लेकर्सने चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख दिले. वर्षभरात त्यांना त्याला दुसऱ्या संघाच्या गळ्यात घालावं लागलं, आणि त्यासाठी डी’अँजेलो रसेलसारखा तरुण खेळाडू सोबत द्यावा लागला.

पण त्या उडीचा खरा लाभार्थी गोल्डन स्टेट. आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या या संघात मुळात कुणाला घ्यायला जागाच नसायला हवी होती. स्टेफ करीचा करार मात्र त्याच्या घोट्याच्या दुखण्यांच्या काळात झालेला, चार वर्षांचा ४ कोटी ४० लाखांचा. म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू सव्वा कोटीच्या आत. त्यात कॅप २ कोटी ४० लाखांनी वर गेली. हॅरिसन बार्न्सला जाऊ दिलं, अँड्र्यू बोगटला डॅलसला पाठवलं आणि ४ जुलै २०१६ ला केव्हिन ड्युरंट आला. पुढची दोन विजेतेपदं त्यांचीच. आता मालक-खेळाडूंच्या नव्या करारात नियम आहे की कॅप एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढणार नाही. २०२५-२६ पासून ११ वर्षांचा, ७,६०० कोटी डॉलरचा नवा प्रक्षेपण करार लागू झाला, तरी कॅप त्या वर्षी बरोबर १० टक्केच वाढली.

कमाल पगाराचाही इथे संबंध आहे. एकट्या खेळाडूला किती द्यायचं यालाही १९९९ पासून छत आहे : सहा वर्षांपर्यंतचा अनुभव असेल तर कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षं असेल तर ३०, त्यापुढे ३५. त्यामुळे योकिचसारख्या खेळाडूची खरी किंमत कधीच मोजली जात नाही. जो संघ त्याला कमाल पगारात मिळवतो, त्याचा फायदाच फायदा.

वरच्या रेषा

कॅपच्या वर आणखी तीन रेषा आहेत. २०२५-२६ मध्ये लक्झरी टॅक्सची रेषा १८ कोटी ७९ लाखांवर, ‘फर्स्ट एप्रन’ १९ कोटी ५९ लाखांवर आणि ‘सेकंड एप्रन’ २० कोटी ७८ लाखांवर. टॅक्सची रेषा ओलांडली की वरच्या प्रत्येक डॉलरवर चढत्या दराने दंड, आणि मागच्या चार वर्षांत तीनदा भरला असेल तर दर आणखी कडक. हा दंड पैशांचा असतो, त्यामुळे अतिश्रीमंत मालक तो भरून मोकळे होत.

२०२३ च्या करारातली सेकंड एप्रन त्यासाठीच आली. तिथे दंड पैशांपलीकडचा आहे. बाहेरच्या फ्री एजंटला किमान पगाराशिवाय काही देता येत नाही. दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क गोठतो, ट्रेडमध्ये वापरता येत नाही. म्हणजे हेडच बंद.

परिणाम लगेच दिसले. पॉल जॉर्ज क्लिपर्समधून गेला, तो संघ स्टीव्ह बामर यांच्या मालकीचा. क्रीडाविश्वात त्यांच्याइतके श्रीमंत मालक फारसे नाहीत. त्यांनीही जॉर्जला हवा तेवढा लांब करार दिला नाही आणि बदल्यात काहीही न मिळता तो गेला. बॉस्टनने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात ड्रू हॉलिडे पोर्टलंडला, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला पाठवून खर्च कमी केला. अल हॉरफर्ड आणि ल्यूक कॉर्नेट फ्री एजंट म्हणून गेले. संघाचा मुख्य खेळाडू जेसन टेटम याच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटल्यामुळे पुढचा हंगाम तसाही हातचा जाईल असं तेव्हा वाटत होतं, पण संघ मोडला तो हिशोबाने.

पैसेवाल्या शहरांनी सगळं लुटू नये हा हेतू मला मान्य आहे. पण बॉस्टनने टेटम आणि जेलेन ब्राउन हे ड्राफ्टमधून निवडून वाढवले, डेन्व्हरने योकिचला दुसऱ्या फेरीत ४१ व्या क्रमांकावर हेरला. स्वतः पिकवलेल्या आणि विकत आणलेल्या खेळाडूत हा नियम फारसा फरक करत नाही. तो करायला हवा.

काही खेळाडू म्हणूनच स्वतःहून कमी घेतात. न्यूयॉर्कच्या जेलेन ब्रन्सनने २०२४ मध्ये चार वर्षांच्या १५ कोटी ६५ लाखांवर सही केली. वर्षभर थांबला असता तर पाच वर्षांचे २६ कोटी ९० लाख मिळू शकले असते.

जागा नसलेल्या संघाला बाहेरचा खेळाडू आणायचा आणखी एक रस्ता आहे : जुन्या संघाने त्याच्याशी करार करायचा आणि त्याच क्षणी त्याला ट्रेडमध्ये पाठवायचं. याला ‘साइन अँड ट्रेड’ म्हणतात. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या सॅक्रामेंटो किंग्जने २०२४ मध्ये डीमार डीरोझन असाच आणला. किंग्ज कॅपच्या वर होते. त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं हेड, मिड-लेव्हल एक्सेप्शन, १ कोटी २८ लाखांचं. डीरोझनचा पगार २ कोटी ३० लाखांच्या पुढे. म्हणून शिकागोने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला, किंग्जचा हॅरिसन बार्न्स सॅन अँटोनिओला गेला, आणि तिन्ही संघांचे हिशोब जुळले. पण या रस्त्यालाही टोल आहे. जो संघ असा खेळाडू घेतो, त्याला त्या वर्षी फर्स्ट एप्रन कुठल्याही कारणाने ओलांडता येत नाही. तेवढ्या वर्षापुरती त्याची कॅप आयपीएलच्या पर्ससारखी होते.

अर्धवट मोकळे

नवोदिताचा चार वर्षांचा करार संपलेला खेळाडू बहुधा ‘रिस्ट्रिक्टेड’ फ्री एजंट असतो. बाहेरच्या संघाने त्याला देऊ केलेला करार जुना संघ २४ तासांत जसाच्या तसा स्वीकारून त्याला ठेवून घेऊ शकतो. आयपीएलच्या राइट टू मॅच कार्डाची आठवण होईल. ऋषभ पंतसाठी दिल्लीने ते कार्ड २० कोटी ७५ लाखांवर वापरलं, लखनौने बोली २७ कोटींवर नेली आणि दिल्लीने हात मागे घेतला. एनबीएत बाहेरच्या संघाला बोली वाढवायची ती दुसरी संधी नाही. २०२२ मध्ये इंडियानाने डीआंद्रे एटनला चार वर्षांचे १३ कोटी ३० लाख देऊ केले, फीनिक्सने त्याच दिवशी तोच करार मान्य केला आणि विषय संपला.

त्यामुळे दुसरे संघ असा प्रस्ताव द्यायलाच कचरतात. त्यातून २०२५ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिन सोडलं तर जवळजवळ कुणाकडे मोठी मोकळी जागा नव्हती. बोली लावणारा कुणी नसेल तर मॅच करायचा प्रश्नच येत नाही. जॉश गिडी सप्टेंबरपर्यंत थांबला, जॉनथन कुमिंगा सप्टेंबरच्या अखेरपर्यंत. विशीतल्या, अजून चढत असलेल्या या खेळाडूंचं पहिलं मोठं मोल ठरायची वेळ, आणि नेमकी तेव्हाच बाजारात गिऱ्हाईक एकटंच. सगळ्या नियमांत मला हा सर्वांत अन्यायाचा वाटतो.

पहाटे साडेतीन

हा बाजार ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला उघडतो. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट असते, साडेतीन वाजलेले. २०२३ ला मी जागा होतो. पहिल्या तासाभरात आलेल्या बातम्यांत ब्राउनचं नाव होतं, शेजारी इंडियाना आणि ४ कोटी ५० लाख. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीला सॅक्रामेंटोविरुद्ध खेळून गेलेला हाच तो पेसर्स संघ. मनात पहिला विचार आला तो ‘एवढे?’ असाच. उत्तर सात महिन्यांनी मिळालं.

ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंचे पगार जवळपास जुळावे लागतात. मोठा तारा आणायचा तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला मोठा पगार लागतो. जानेवारी २०२४ मध्ये इंडियानाने टोरांटोकडून पास्कल सियाकम घेतला तेव्हा ब्राउनचे २ कोटी २० लाख त्या पारड्यात गेले, सोबत पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि आणखी दोन खेळाडू. सियाकमच्या बळावर इंडियाना २०२५ मध्ये अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचली. ब्राउनला दिलेले पैसे त्याच्या खेळासाठी होते, तसेच त्या आकड्यासाठीही होते.

तो मात्र टोरांटोहून न्यू ऑर्लिन्सला गेला, दुखापती झाल्या, मोठा करार संपला. २०२५ च्या जुलैत पुन्हा फ्री एजंट. आणि तो परतला डेन्व्हरला, एका वर्षासाठी, किमान पगारावर, सुमारे ३० लाख डॉलर. किमान पगाराचं हेड कधीच रिकामं होत नाही. कॅपच्या कितीही वर असलेला संघ ते वापरू शकतो. मधल्या दोन वर्षांत ब्राउनने साडेचार कोटी कमावले होते, त्यामुळे घरी परतायला तो मोकळा होता. फक्त संघ बदलल्यामुळे डेन्व्हरमधलं त्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. त्या हंगामानंतर डेन्व्हरकडे त्याच्यावरचा हक्क पुन्हा तोच : नॉन-बर्ड.